पुण्यातून व्यावसायिक मिडफिल्डर व्हायचं असेल तर: कागद, मिनिटं आणि करार

२०१९ पासून पुण्याचा एकही संघ देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल), नाही. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी आय-लीगमध्ये (तेव्हाची सर्वोच्च लीग) खेळला आणि थांबला. डीएसके शिवाजियन्स आला आणि गेला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच हंगाम बालेवाडीत खेळून बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्यामुळे खडकी, कोथरूड, हडपसर किंवा पिंपरीतल्या मुलाला मिडफिल्डर म्हणून पोट भरायचं असेल, तर कधीतरी बॅग भरावीच लागते.

ती वेळ येते तेव्हा खेळ बऱ्याच जणांकडे असतो. कमी पडतात त्या दोन गोष्टी: स्वच्छ कागदपत्रं आणि मधल्या फळीत पूर्ण वेळ खेळलेल्या सामन्यांची मिनिटं. दोन्ही पुण्यात बसून, फारसा पैसा न घालता जमवता येतात. मात्र बाराव्या-तेराव्या वर्षापासून लक्ष ठेवलं तर. पुढचं सगळं १२ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

१. आधी ठरवा: सहा, आठ की दहा

“मी मिडफिल्डर आहे” हे ट्रायलच्या फॉर्मवर पुरेसं नाही. मधल्या फळीत तीन वेगळी कामं असतात.

सहा नंबर बचावफळीच्या पुढे उभा राहतो. सेंटर-बॅककडून (मधल्या बचावपटूकडून) बॉल घेणं, समोरच्या संघाचा मधला पास तोडणं आणि आपला फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की त्याची जागा झाकणं हे त्याचं काम. आठ नंबर दोन्ही गोलांसमोरच्या बॉक्सच्या मध्ये धावतो. सर्वांत जास्त पळापळ त्याचीच. वरच्या स्तरावर मिडफिल्डर एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतात. दहा नंबर समोरच्या मिडफिल्ड आणि बचावफळीच्या मधल्या पट्ट्यात बॉल घेतो आणि शेवटचा पास देतो.

१४ वर्षांपर्यंत तिन्ही जागी खेळा. १५-१६ नंतर एक मुख्य आणि एक पर्यायी जागा पक्की करा. पुण्यातल्या शालेय संघांत सगळ्यांत चांगल्या मुलाला दहा नंबर किंवा स्ट्रायकर करायची पद्धत आहे, कारण शाळेला गोल हवे असतात. पण वरच्या क्लबांत पुढच्या जागांवर बहुधा परदेशी खेळाडू असतात. सहा आणि आठच्या जागी भारतीय मुलाला संधी जास्त मिळते. दहा नंबरचा हट्ट असेल तर धरा, पण आठची सवय सोडू नका.

२. कागदपत्रांची फाइल

ही फाइल बाराव्या वर्षीच करून ठेवा. ट्रायलच्या आदल्या रात्री झेरॉक्सचं दुकान शोधायची वेळ येऊ देऊ नका.

- महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, शक्यतो इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांतला
- आधार कार्ड
- पासपोर्ट (१८ च्या आत काढला तर पालकांची कागदपत्रंही लागतात)
- शाळेचं बोनाफाइड आणि चालू वर्षाची गुणपत्रिका
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट फोटो, छापील आणि मोबाइलमध्येही
- आई किंवा वडिलांचं ओळखपत्र आणि सही केलेलं संमतीपत्र
- डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र; बहुतेक ठिकाणी अलीकडच्या तारखेचंच चालतं
- आजवरची स्पर्धा प्रमाणपत्रं, स्कॅन करून
- खेळाडूच्या नावाचं बँक खातं. पगार सुरू व्हायच्या वेळी पॅन कार्ड

इथली सगळ्यात मोठी अडचण नावाची. जन्म दाखल्यावर नुसतं नाव, शाळेत आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं. माणसाला कळतं की मुलगा एकच आहे, नोंदणीच्या यंत्रणेला कळत नाही. पासपोर्टवर जे नाव आणि जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे करून घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्यापूर्वी करा. नंतर ती फार किचकट होते.

दुसरी अडचण जन्मनोंदीच्या तारखेची. दाखल्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही असते. जन्म २०११ चा आणि नोंद २०१९ ची असेल, तर कोणीही स्पर्धाप्रमुख शंका घेणार. अशा वेळी रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड, बालवाडीतल्या प्रवेशाची नोंद असं जे असेल ते जपा. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये मनगटाचा एक्स-रे किंवा एमआरआय काढून हाडांचं वय पाहतात. वय कमी दाखवून एक हंगाम मिळेलही. पकडलं गेल्यावर बंदी येते आणि नाव कायमचं खराब होतं. कोणी सर “थोडं ॲडजस्ट करू” म्हणाले, तर तो क्लब त्याच दिवशी सोडा.

३. सीआरएस नोंदणी

भारतात फुटबॉलची साखळी अशी आहे: पुणे जिल्हा फुटबॉल संघटना म्हणजे पीडीएफए, तिच्या वर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा, आणि तिच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, एआयएफएफ. एआयएफएफची सेंट्रल रजिस्ट्रेशन सिस्टिम, म्हणजे सीआरएस, ही खेळाडूंची ऑनलाइन नोंदवही आहे. तिथे नोंद झाली की खेळाडूला आयडी मिळतो आणि तो आयुष्यभर एकच राहतो.

नोंदणी क्लब किंवा अकादमी करते. तुम्ही फक्त कागद देता. म्हणून चार गोष्टी स्वतः तपासा.

पहिली, सीआरएसमध्ये नाव आणि जन्मतारीख कशी भरली आहे याचा स्क्रीनशॉट मागून घ्या. दुसरी, आयडी नंबर घरच्या वहीत लिहा. तिसरी, नोंदणी कोणत्या क्लबच्या नावाने झाली ते विचारा. काही अकादम्या स्वतः संघटनेशी संलग्न नसतात आणि मुलांची नोंदणी दुसऱ्याच क्लबच्या नावावर करतात. पुढे क्लब बदलताना संमती त्या क्लबची लागते आणि तिथे तुम्हाला कोणी ओळखतही नसतं. चौथी, खेळाडूचा प्रकार अमॅच्युअर (हौशी) की प्रोफेशनल (व्यावसायिक), हे पाहा.

नव्या क्लबने पुन्हा नवी नोंदणी केली तर एका मुलाचे दोन आयडी होतात. हे पुण्यात सर्रास घडतं, कारण आधीच्या अकादमीने नोंदणी केली होती हे पालकांना माहीतच नसतं. दोन आयडी एकत्र करून घेईपर्यंत नोंदणीची मुदत निघून जाते. नव्या क्लबमध्ये पहिल्याच दिवशी सांगा: “आयडी आधीचा आहे, ट्रान्सफर करायची आहे.”

ट्रान्सफर ठरलेल्या मुदतीतच होते आणि तीही जुन्या क्लबच्या संमतीने. जुन्या क्लबची फी थकवून, भांडून बाहेर पडू नका. निघताना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एनओसी मागा. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमानुसार एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते आणि त्यांपैकी दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळता येतात. जूनमध्ये उत्साहाने केलेली नोंदणी जानेवारीत आड येते ती अशी.

४. क्लब निवडताना मिनिटं मोजा

या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

पालक अकादमी निवडताना टर्फ, किट, परदेशी क्लबाचं नाव आणि घरापासूनचं अंतर बघतात. मिडफिल्डर घडतो तो अकरा विरुद्ध अकरा सामन्यांत, पूर्ण मैदानावर, मधल्या जागी खेळून. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी सरांना पाच प्रश्न विचारा:

- गेल्या हंगामात या वयोगटाने ११ विरुद्ध ११ किती सामने खेळले? २० पेक्षा कमी असतील तर विचार करा.
- संघ पीडीएफएच्या कोणत्या लीगमध्ये आहे?
- माझ्या जागेवर आधीच किती मुलं आहेत?
- प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे? एआयएफएफ डी हे सुरुवातीचं, त्यावर एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) सी, बी, ए.
- राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या युवा लीगमध्ये संघ उतरतो का?

पुण्याची लीग अनेक डिव्हिजनमध्ये चालते. वर सुपर डिव्हिजन, खाली फर्स्ट, सेकंड, थर्ड. सामने एसएसपीएमएसचं मैदान, एसपी कॉलेजचं मैदान, पिंपरीतलं हेडगेवार मैदान अशा ठिकाणी होत आले आहेत. डेक्कन इलेव्हन, खडकी ब्लूज, परशुरामियन्स ही इथली जुनी नावं. तारखा आणि मैदानं दरवर्षी बदलतात, त्यामुळे हंगामाचं वेळापत्रक क्लबकडूनच घ्या.

सोळा-सतरा वर्षांच्या मिडफिल्डरसाठी आमचं मत स्पष्ट आहे: सुपर डिव्हिजनच्या बाकावर बसण्यापेक्षा सेकंड डिव्हिजनमध्ये ९० मिनिटं खेळा. तिथे समोर तिशीतला, लष्करात किंवा पोलिसांत खेळलेला, अंगाने दणकट मिडफिल्डर उभा असतो. तो तुमच्यापेक्षा हळू पळतो, पण बॉल कुठे पडणार हे त्याला तुमच्या दोन सेकंद आधी कळतं. हे वयोगटाच्या सामन्यांत शिकायला मिळत नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक सामन्यानंतर पाच रकाने भरा: तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, जागा, मिनिटं. हंगामाच्या शेवटी मधल्या जागी १,२०० मिनिटांच्या वर आकडा गेला पाहिजे. ६०० च्या खाली असेल तर क्लब बदला किंवा खालच्या संघात उतरा. तीन हंगामांची अशी वही पाहिल्यावर दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षकाला जे कळतं, ते वीस ट्रॉफींच्या फोटोंतून कळत नाही.

शाळेकडूनही खेळा. सुब्रोतो चषक शाळांसाठीच आहे आणि त्याच्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा फेऱ्या असतात. प्रवेश जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत जातो आणि मुदत पाळावीच लागते. शाळेला संघ पाठवायचा नसेल तर क्रीडा शिक्षकांना शाळा उघडल्याबरोबर भेटा. जुलैअखेरीस भेटून उपयोग नाही.

मुलींसाठी: पुण्यात मुलींचे नियमित संघ कमी आहेत, त्यामुळे १३-१४ व्या वर्षापर्यंत मुलांबरोबर सराव करायला मिळणारी जागा शोधा आणि सामने मुलींच्या संघाकडून खेळा. वरचं ध्येय इंडियन विमेन्स लीग. तिथे पोचणाऱ्या संघांना मधल्या फळीत दोन्ही पायांनी पास देणाऱ्या खेळाडूंची कायम चणचण असते.

रविवारच्या फाइव्ह-अ-साइड आणि बक्षिसाच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धांबद्दल. छोट्या टर्फवर फर्स्ट टच (आलेला बॉल पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं) सुधारतो, हे खरं. पण तिथे ऑफसाइड नाही, हेडिंग नाही, ३० मीटरचा पास नाही. पुण्यातले बरेच मिडफिल्डर जवळच्या पासमध्ये सुरेख असतात आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बॉल फिरवायचा म्हटलं की तो हवेत लटकतो. शिवाय संघटनेशी संलग्न नसलेल्या स्पर्धेत गुडघा गेला तर खर्च तुमचाच. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर खेळा. पैशासाठी दर रविवारी नको.

५. सरावाचा आठवडा

संघाच्या सरावाबाहेर मिडफिल्डरने तीन गोष्टी स्वतः करायच्या.

अ) मान फिरवणं. बॉल येण्याआधी आजूबाजूला पाहिलं नसेल तर पाय कितीही चांगला असो, बॉल मागेच जातो. सराव असा: एक जण १०-१२ मीटरवरून पास देतो, दुसरा तुमच्या पाठीमागे उभा राहून बोटं दाखवतो. बॉल पायाला लागण्यापूर्वी आकडा मोठ्याने सांगायचा. दोन मिनिटांचे चार सेट. त्यानंतर शरीर अर्धं वळवून, लांबच्या पायावर बॉल घ्यायचा. सामन्याच्या व्हिडिओत स्वतःला मोजा: बॉल येण्याआधीच्या दहा सेकंदांत मान किती वेळा वळली? शून्य किंवा एक असेल, तर या महिन्यात दुसरं काही करू नका.

आ) लांब पास. आठवड्यातून दोनदा, ३० ते ३५ मीटरवर दोन कोन (खुणेचे प्लास्टिकचे शंकू) ठेवून उजव्या पायाने २० आणि डाव्याने २० पास. कमजोर पायाचे आधी मारा, थकल्यावर नव्हे.

इ) पळणं. सिंहगड रोज चढणं किंवा पर्वतीच्या पायऱ्या याने दम वाढतो, पण सामन्यातली धाव तुटक असते: जोरात, थांबा, पुन्हा जोरात. बऱ्याच ट्रायलमध्ये यो-यो टेस्ट घेतात. २० मीटर जायचं, वळून २० मीटर यायचं, १० सेकंद विश्रांती, आणि दर टप्प्याला वेग वाढतो. इथे बरेच जण दमापेक्षा वळण्यात हरतात. रेषेवर दोन्ही पायांवर वळायचा सराव करा. सहा आठवड्यांतून एकदा टेस्ट घ्या आणि वहीत लिहा.

वॉर्म-अपसाठी फिफा ११+ वापरा. १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, तीन भाग: आधी पळणं; मग ताकद, तोल आणि उड्या; शेवटी पुन्हा वेगात पळणं. आठवड्यातून किमान दोनदा नीट केला तरच दुखापती कमी होतात. निम्मे संघ मधला भाग वगळतात. नेमका हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूंचा) व्यायाम त्याच भागात आहे.

शाळा, अकादमी, क्लब असा तिहेरी सराव करणाऱ्या मुलांसाठी साधा हिशेब: आठवड्याचे एकूण खेळाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. १४ वर्षांच्या मुलाला १४ तास. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागलं तर ते अंगावर काढू नका. फिजिओला दाखवा आणि उड्या-शूटिंग कमी करा.

६. बूट, गुडघा, औषध

पुण्यातली बरीच मैदानं डिसेंबरनंतर दगडासारखी होतात. लांब, कमी स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट तिथे पायाच्या तळव्याला आणि टाचेला मारतात. दोन जोड ठेवा: कडक आणि मुरमाच्या मैदानासाठी आखूड रबरी स्टडचे, गवतासाठी मोल्डेड. ब्लेड असलेले बूट जुन्या टर्फवर अडकतात आणि वळताना गुडघा पिळतो. शिनगार्ड नियमानेच सक्तीचे आहेत, सरावातही घाला.

गुडघ्यात “टक” असा आवाज आला आणि काही तासांत सूज आली, तर मालीश, शेक, घरगुती इलाज काही करू नका. बर्फ लावा, आधार द्या आणि क्रीडा-अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झाली तर परत सामना खेळायला किमान नऊ महिने धरा. सहाव्या महिन्यात “बरं वाटतंय” म्हणून उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याची भीती मोठी असते.

औषधांबाबत फार जपा. राष्ट्रीय स्पर्धांत नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) उत्तेजक चाचणी करू शकते. खोकल्याच्या अनेक औषधांत टर्ब्युटालिन असतं आणि ते प्रतिबंधित आहे. सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. जिममधल्या पावडरच्या डब्यावर काय लिहिलंय यावर विसंबू नका. डॉक्टरांना आधी सांगा, “मी नोंदणीकृत खेळाडू आहे”, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो ठेवा. दम्यासाठी लागणारं नियमित औषध प्रतिबंधित यादीत असेल तर परवानगीची प्रक्रिया स्पर्धेआधी पूर्ण करा.

७. व्हिडिओ

बाहेरच्या क्लबला पाठवायचे दोन व्हिडिओ लागतात: ४ ते ५ मिनिटांचा निवडक, आणि एक-दोन पूर्ण सामने. पूर्ण सामना नसेल तर जाणकार प्रशिक्षक निवडक व्हिडिओवर विश्वास ठेवत नाहीत.

कॅमेरा मध्यरेषेपाशी, शक्य तितक्या उंचीवर ट्रायपॉडवर ठेवा. बॉलचा पाठलाग करत झूम करू नका; मिडफिल्डर बॉल नसताना कुठे उभा आहे तेच बघायचं असतं. सुरुवातीला दहा सेकंदांची पाटी: नाव, जन्मवर्ष, उंची, मुख्य पाय, जागा, क्लब. प्रत्येक क्लिपमध्ये बॉल येण्यापूर्वीची तीन-चार सेकंदं ठेवा आणि स्वतःवर बाण दाखवा. गोलांचा ढीग नको. सहा नंबरसाठी पहिल्या मिनिटात तोडलेले पास, दबावाखाली वळणं आणि फिरवलेला बॉल दिसला पाहिजे. पार्श्वसंगीत काढून टाका.

८. ट्रायल

ट्रायलची जाहिरात क्लबच्या अधिकृत खात्यावर आहे का ते आधी पाहा. साधी नोंदणी फी काही ठिकाणी असते. “निवड झाली, आता प्रवेशासाठी अमुक लाख भरा”, “युरोपातल्या ट्रायलसाठी व्हिसाचे पैसे द्या” असं म्हणणारा माणूस व्यावसायिक क्लबचा नसतो. व्यावसायिक क्लब खेळाडूला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. १८ वर्षांखालच्या खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला फिफाची मनाई आहे, अपवाद अगदी मोजके. १६ व्या वर्षी परदेशी क्लबाशी करार करून देतो म्हणणाऱ्याला हा नियम दाखवा.

आदल्या दिवशी पोचा. पुण्याहून रात्रभर बसने जाऊन सकाळी सातला मैदानावर उतरणाऱ्यांचे पाय दुसऱ्या हाफमध्ये बोलतात.

ट्रायलमध्ये साधारण २० ते ३० मिनिटं मिळतात, तीही अनोळखी संघात, जिथे प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं असतं. विंगर ड्रिबल करतात, स्ट्रायकर लांबून मारतात, मधल्या फळीला बॉलच मिळत नाही. अशा वेळी:

- सुरू होण्यापूर्वी दोन सेंटर-बॅकशी बोला: “बॉल मला पायात दे, मी मागे येतो.” हे एवढं वाक्यही फार थोडे बोलतात.
- पहिले पाच पास साधे आणि बिनचूक द्या.
- आवाज चालू ठेवा: “टाइम” (वेळ आहे), “मॅन ऑन” (मागे माणूस आहे), “टर्न” (वळ). निवडणाऱ्याला बॉलपासून लांब असलेला खेळाडू आवाजानेच दिसतो.
- बॉल गेला तर पुढचे पाच सेकंद जिवाच्या आकांताने पळा. हे कागदावर टिपलं जातं.
- जागा विचारली तर एकच सांगा. “सर, कुठेही खेळेन” म्हणालात की राइट-बॅकला पाठवतात आणि तुमची वीस मिनिटं गेली.

निवड झाली नाही तर नम्रपणे एकच प्रश्न विचारा: “सर, कशावर काम करू?” उत्तर वहीत लिहा.

९. करार

फिफाच्या व्याख्येत व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे क्लबबरोबर लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. जेवण, राहणं, प्रवास एवढंच मिळत असेल तर तुम्ही अजून अमॅच्युअर आहात, क्लबाचं नाव कितीही मोठं असो.

मुदत: किमान हंगामाच्या शेवटापर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं. १८ च्या आत असाल तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार फिफा मानत नाही. सही पालकांचीही लागते. सही करण्यापूर्वी हे वाचा:

पगार १२ महिन्यांचा आहे की हंगामाच्या महिन्यांचाच? कोणत्या तारखेला? २०२५-२६ मध्ये व्यावसायिक हक्कांचा जुना करार संपत आल्याने आयएसएलचा हंगाम काही महिने लांबला. स्पर्धा पुढे ढकलली तर पगाराचं काय, हे कलम म्हणून लेखी मागा.

दुखापत झाली तर शस्त्रक्रिया, फिजिओ आणि त्या काळातला पगार कोण देणार? विमा किती रकमेचा? मिडफिल्डरच्या करारात हे कलम बोनसपेक्षा महत्त्वाचं आहे.

मुदतवाढीचा पर्याय फक्त क्लबाच्या हातात आहे का? “क्लब इच्छेनुसार एक वर्ष वाढवू शकेल” असं असेल तर निदान वाढीव वर्षाचा पगार आधीच लिहून घ्या.

“वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच करार लागू” हे कलम फिफाच्या नियमांत बसत नाही. तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी.

सही केलेली पूर्ण प्रत त्याच दिवशी घ्या. “हेड ऑफिसहून मेल करू” म्हणजे पुढे वाद झाल्यावर तुमच्याकडे काहीच नाही. करार सीआरएसवर चढला का, तेही विचारा.

पगार थकला तर तोंडी विनवण्या पुरेशा नाहीत. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचे पगार थकल्यावर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, क्लबला किमान १५ दिवस द्यायचे आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायचं रास्त कारण मिळतं. नोटीस न देता घरी निघून आलात तर करार तुम्हीच मोडला असं ठरू शकतं. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे. अडचणीत तिच्याशी आणि करार कळणाऱ्या वकिलाशी बोला.

एजंट: फिफाचा परवाना आहे का ते फिफाच्या यादीत तपासा. त्याच्याशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा लांबीचा असू शकत नाही. “पुढच्या ट्रान्सफरमधले ३० टक्के माझे” असं कोणी लिहून मागितलं तर नाही म्हणा: क्लब नसलेल्या माणसाला किंवा कंपनीला असा हिस्सा देणं फिफाने २०१५ पासून बंद केलं आहे.

घडवणाऱ्या क्लबांचा हिस्सा मात्र वेगळा आणि रास्त आहे. करार चालू असताना ट्रान्सफर फी देऊन खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर फीमधले ५ टक्के १२ ते २३ या वयात तो जिथे जिथे नोंदला होता त्या क्लबांत वाटले जातात. म्हणून पुण्यातल्या छोट्या क्लबनेही नोंदणी नीट करणं त्यांच्याच हिताचं आहे. नोंदणीत टाळाटाळ करणाऱ्या सरांना हे जरूर सांगा.

पगारातून टीडीएस कापला जात असेल तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो का, दर तिमाहीला बघा.

१०. शिक्षण आणि दुसरी वाट

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रं लागतात आणि नोकरीच्या वेळी त्यांची पडताळणी होते. शालेय स्पर्धा आणि संघटनेच्या स्पर्धा यांचे निकष वेगळे असतात. स्पर्धा संपली की प्रमाणपत्रावरचं नाव, तारीख, सही, शिक्का तिथेच तपासा. पाच वर्षांनी तो सचिव सापडत नाही.

बारावीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघाची निवड चुकवू नका. आंतरविद्यापीठ सामन्यांत सेनादल, रेल्वे आणि क्लबांची माणसं येऊन बसतात. १९-२० व्या वर्षी तिथून पुढे गेलेले मिडफिल्डर कमी नाहीत, कारण ही जागा उशिराच पिकते. लालियानझुआला छांगटेसारखा विंगर मिझोरमहून येऊन डीएसके शिवाजियन्सकडून अगदी लहान वयात आय-लीग खेळला, तो त्याच्या वेगावर. मधल्या फळीतल्या मुलाला तेवढ्या लवकर बोलावणं आलं नाही म्हणून खेळ सोडायचं कारण नाही.

१८ पूर्ण झाल्यावर एआयएफएफ डी लायसन्सचा अभ्यासक्रम खेळत असतानाच करून ठेवा. काही दिवसांचं काम आहे, लहान मुलांना शिकवून महिन्याचा प्रवासखर्च निघतो, आणि सहा नंबरच्या जागेवरून मैदान बघायची सवय असलेल्याला ते शिकवणं लवकर जमतं. अर्ज विफामार्फत निघणाऱ्या तारखांना करायचा. जागा मोजक्या असतात, त्यामुळे फॉर्म सुटल्याच्या दिवशीच भरा.